सेजेम म्हणजे ऐकणे

नेफरतितीला आपण चेहऱ्याने ओळखतो. १९१२ साली अमार्ना इथे सापडलेला तिचा रंगीत अर्धपुतळा आज बर्लिनमध्ये आहे, आणि त्याचे छायाचित्र कधी पाहिलेच नाही असा वाचक विरळा. तिच्या नावाचा अर्थ मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. ते नाव म्हणजे एक पुरे वाक्य आहे: सुंदरा आली आहे. ‘नेफरेत’ म्हणजे सुंदर स्त्री. पुढे ‘ई’ हा येण्याचा धातू आणि त्याला लागलेला ‘ती’ हा प्रत्यय. येण्याची क्रिया होऊन गेली, आता ती आलेली आहे, समोर आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका प्रत्ययाने पेलला आहे.

आता दोन राजांची नावे घेऊ: थुटमोस आणि रामसेस. दोन्हींत ‘मेस’ हा एकच धातू आहे. त्याचा अर्थ जन्म देणे. थुटमोस म्हणजे ‘थोथ देव जन्मला आहे’. रामसेस म्हणजे ‘रा देव हाच याला जन्म देणारा’. धातू तोच, पण एका नावात देव जन्मलेला आहे आणि दुसऱ्यात तो जन्म देतो आहे. सप्टेंबर १८२२मध्ये पॅरिसमध्ये झाँ-फ्रान्स्वा शाँपोल्यों याने ही दोन नावे वाचली. इजिप्शियन भाषेचा शेवटचा टप्पा असलेली कॉप्टिक त्याला येत होती, आणि कॉप्टिकमध्ये ‘मिसे’ म्हणजे जन्म देणे हे त्याला माहीत होते. नावांच्या चौकटीतली चिन्हे त्या शब्दाशी जुळली आणि ही लिपी नुसती चित्रे नाही, तिच्यात ध्वनी लिहिलेले आहेत, अगदी इजिप्तच्या स्वतःच्या जुन्या राजांच्या नावांतही, याची त्याला खात्री पटली. चित्रलिपी उलगडली ती या एका क्रियापदाच्या आधाराने, असे म्हटले तर ते फार वाढवून सांगितल्यासारखे होणार नाही.

हे पुस्तक त्या भाषेच्या क्रियापदाविषयी आहे. पिरॅमिड, ममी आणि शाप यांच्याविषयी नाही.

अडचण कुठे आहे ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा इतिहास त्या अडचणीतून निघाला आहे. थुटमोस आणि रामसेस या दोन्ही नावांत क्रियापद लिहिताना फक्त ‘म’ आणि ‘स’ ही व्यंजने लिहिली जातात. ‘जन्मलेला’ आणि ‘जन्म देणारा’ यांतला फरक उच्चारात होता, तो बहुधा स्वरांत होता, आणि इजिप्शियन लिपी स्वर लिहीत नाही. मोडी वाचणाऱ्याला याची थोडी कल्पना येईल. तिथे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहिले जात नाहीत, शब्द तोडले जात नाहीत, आणि तरीही दफ्तर वाचणारा भाषा आधीपासून येत असल्यामुळे अडत नाही. इजिप्शियन वाचणाऱ्याकडे ती शिदोरी नाही. ही भाषा घरी बोलणारे शेवटचे लोक जाऊन काही शतके लोटली. आपण ‘सेजेम’, ‘मेस’, ‘नेफरेत’ असे जे म्हणतो त्यातला ‘ए’ हा अभ्यासकांनी तोंडाला सोय म्हणून घातलेला आहे. फारोच्या काळी तो तिथे होताच असे नाही. म्हणजे ज्या जागी क्रियापदाची रूपे एकमेकांपासून वेगळी होतात, नेमकी तीच जागा कागदावर कोरी आहे.

मग ही रूपे ओळखली कशी? काही धातूंनी दगा दिला नाही म्हणून. ‘मेरी’ म्हणजे प्रेम करणे, ‘इरी’ म्हणजे करणे, ‘पेरी’ म्हणजे बाहेर पडणे. या धातूंचा शेवटचा वर्ण दुबळा, अर्धस्वरासारखा. काही रूपांत तो गळतो आणि काही रूपांत त्याच्या आधीचे व्यंजन दुप्पट होते. ‘तो प्रेम करतो’ हे कधी ‘मेर-एफ’ असे लिहिलेले सापडते तर कधी ‘मेरेर-एफ’ असे. (शेवटचा ‘फ’ म्हणजे ‘तो’.) लिहिणाऱ्याने हे उगाच केलेले नाही. दोन वेगळ्या लेखनांमागे दोन वेगळी रूपे असली पाहिजेत. तीन भक्कम व्यंजनांच्या धातूंत मात्र ही सगळी रूपे लेखनात एकसारखी दिसतात. ‘सेजेम-एफ’ हे लिहिलेले एकच रूप प्रसंगाप्रमाणे तो ऐकतो, त्याने ऐकावे, तो ऐकत असता, त्याने ऐकणे, किंवा थेट तो ऐकला गेला, यांपैकी काहीही असू शकते. दुबळ्या धातूंनी दाखवलेले फरक भक्कम धातूंतही असणार असे धरून चालायचे, ही या व्याकरणाची पहिली पायरी.

सेजेम म्हणजे ऐकणे. तो लिहायचे चिन्ह बैलाच्या कानाचे. हा धातू सरळ आहे, त्याची तिन्ही व्यंजने भक्कम आहेत, म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी तो नमुना म्हणून घेतला. पण इजिप्शियन शिकणारा प्रत्येक जण पहिले क्रियापद ‘ऐकणे’ हेच गिरवतो, याचे मला फार समाधान वाटते.

या रूपांना नावे कशी दिली गेली तेही पाहण्यासारखे आहे. सेजेम-एफ, सेजेम-एन-एफ, सेजेम-इन-एफ, सेजेम-खेर-एफ, सेजेम-का-एफ. म्हणजे रूपाचे नाव त्याच्या आकारावरून, अर्थावरून नव्हे. इंग्रजी व्याकरण पाठ केलेल्याला हे विचित्र वाटते. त्याला वर्तमान, भूत, भविष्य अशा पाट्या हव्या असतात. मराठी वाचकाला ते परके वाटू नये. आपल्या व्याकरणकारांनीही ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात अशी नावे प्रत्ययावरूनच दिली. त्यामागे मोठा शहाणपणा होता. ‘तू हो पुढे, मी आलोच’ या वाक्यात ‘आलो’ हे लाख्यात आहे, पण बोलणारा अजून उंबऱ्याच्या आतच आहे. त्याला भूतकाळ म्हणून मोकळे होता येत नाही. आकार आधी नोंदवायचा, मग तो कुठे कुठे कोणता अर्थ देतो ते पाहायचे. एक योगायोगही इथे नोंदवते. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले १८३६ साली, आणि १८३२मध्ये वारलेल्या शाँपोल्योंचे इजिप्शियन व्याकरण त्याच्या मागे छापायला सुरुवात झाली तीही १८३६ सालीच.

नवख्या वाचकाच्या हाती एक कालपट असायला हवा. इजिप्शियन ही आफ्रो-आशियाई कुळातली भाषा; अरबी, हिब्रू, अक्कादी या सेमिटिक भाषा आणि बर्बर, कुशिटिक, चाडिक भाषा तिच्या नातेवाईक. लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि नावे इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारापासून मिळतात, पण आपल्याला माहीत असलेले सर्वांत जुने पुरे वाक्य अबायडोसजवळच्या पेरिबसेन राजाच्या थडग्यातल्या मुद्रेच्या ठशावर आहे, इ.स.पू. २७००च्या आसपासचे. त्या वाक्यातले क्रियापद सेजेम-एन-एफ या साच्याचे आहे. पुढे सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर, इ.स.पू. २३५०च्या सुमारास, पहिले मोठे ग्रंथरूप लेखन येते. ही जुनी इजिप्शियन. नंतर मध्य इजिप्शियन, जिला पुढची सगळी शतके अभिजात मानत आली. आपल्याकडे संस्कृतला मिळाला तसा मान तिला मिळाला आणि बोलणे बदलल्यावरही मंदिरांच्या भिंतींवर ती लिहिली जात राहिली. मग उत्तर इजिप्शियन, मग डेमोटिक, आणि शेवटी ग्रीक अक्षरांत काही जादा अक्षरांची भर घालून लिहिलेली कॉप्टिक. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावरचा, इ.स. ३९४चा; डेमोटिकमधला शेवटचाही तिथलाच, इ.स. ४५२चा. कॉप्टिक बोलीभाषा म्हणून मावळली, पण चर्चमध्ये टिकली. तिच्या बोहैरिक बोलीतली स्तोत्रे आजही म्हटली जातात आणि त्यांत ‘सोतेम’ हा शब्द येतो. ‘ज’चा ‘त’ झाला, स्वर उघडे पडले, अर्थ तोच: ऐक.

चार हजारांहून अधिक वर्षे एकाच भाषेचे क्रियापद डोळ्यांसमोर बदलताना दिसते आहे. भाषांच्या इतिहासात इतका लांब सलग पट दुसरा मिळणे कठीण.

अर्थाकडे वळू. मी ही भाषा शिकायला बसले तेव्हा माझ्यासमोर इंग्रजीतले पाठ्यपुस्तक होते आणि प्रत्येक रूपाला मी एकच प्रश्न विचारत होते: हे कधी घडले? उत्तर येत नव्हते. महिनोन्‌महिने अडल्यावर लक्षात आले की मी प्रश्नच परक्या भाषेतून विचारते आहे. नमुना म्हणून ‘रेख’ हा धातू घ्या. कोशात त्याचा अर्थ ‘जाणणे’ असा दिलेला असतो. पण त्याचे पूर्ण झालेल्या क्रियेचे रूप वर्तमानातले ज्ञान सांगते, आणि नवशिका गोंधळतो: भूतकाळाचे रूप आणि अर्थ ‘मला माहीत आहे’? मराठीत विचार केला की गाठ सुटते. रेख म्हणजे माहीत असणे नव्हे. रेख म्हणजे कळणे. ‘कळलं’ असे आपण म्हणतो तेव्हा रूप झालेल्या गोष्टीचे असते आणि अर्थ आत्ताचा: आता मला माहीत आहे. ‘कळलं का?’ या प्रश्नाला कुणी ‘कधी?’ असे विचारत नाही.

नेफरतितीच्या नावातला ‘ती’ ज्या रूपाचा आहे त्याला स्थितिवाचक म्हणतात. जुन्या जर्मन अभ्यासकांनी त्याला आभासी कृदंत म्हटले, पुढे ज्याच्याविषयी येईल त्या अॅलन गार्डिनरने जुने पूर्णवाचक म्हटले; एवढी नावे बदलली यावरूनच ते किती चकवते हे कळावे. अक्कादी भाषेतही असे रूप आहे आणि दोन्हींचे प्रत्यय नात्यातले आहेत. ते क्रिया सांगत नाही, क्रियेनंतर उरलेली अवस्था सांगते. तो बसला आणि तो बसलेला आहे, दार उघडले आणि दार उघडे आहे, यांतला जो फरक तोच. मृत राजाला उद्देशून लिहिलेल्या पिरॅमिडमधल्या मजकुरात, तू गेलास तो मेलेला म्हणून नव्हे तर जिवंत म्हणून, असे त्याला समजावले जाते. तिथे ‘मेलेला’ आणि ‘जिवंत’ ही दोन्ही स्थितिवाचक रूपे आहेत. त्या माणसांची मरणाविषयीची सगळी आशा त्या प्रत्ययावर उभी आहे, असे तो मजकूर वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते.

सेजेम-एन-एफ म्हणजे ‘त्याने ऐकले’. मधला ‘न’ कुठून आला? एक जुनी आणि मला पटणारी उपपत्ती अशी की हा ‘ला, साठी’ या अर्थाचा ‘न’ आहे, आणि रूपाचा मूळ अर्थ ‘ऐकलेले त्याला’ असा काहीतरी होता. सगळे अभ्यासक ती मानत नाहीत. पण ‘तेन श्रुतम्’पासून ‘त्याने ऐकले’पर्यंत आलेल्या आपल्याला त्यात अशक्य काही दिसत नाही. झालेल्या गोष्टीत कर्ता मागे सरतो आणि विभक्तीचा आधार घेऊन उभा राहतो, हे आपल्या रोजच्या बोलण्यात घडते.

आता या अभ्यासाच्या परंपरांविषयी. शाँपोल्योंनंतरची दोन पिढ्यांची कामे शब्दांत अडकलेली होती. वाक्याला हात घातला तो बर्लिनने. आडोल्फ एर्मान याने १८८०मध्ये उत्तर इजिप्शियनचे व्याकरण लिहिले आणि भाषेचे टप्पे वेगळे केले. तोवर तीन हजार वर्षांचे लेखन एकाच भाषेचे म्हणून वाचले जात होते. त्याचा शिष्य कुर्ट झेटे याने १८९९ ते १९०२ या काळात इजिप्शियन क्रियापदावर तीन खंड लिहिले. एका क्रियापदावर तीन खंड! धातूंचे वर्ग, दुबळ्या वर्णांचे वागणे, कॉप्टिक स्वरांवरून मागे जात केलेली पुनर्रचना, हे सगळे त्यात आहे. त्याच बर्लिनमध्ये पंधरा लाखांच्या घरातल्या चिठ्ठ्यांवर शब्दकोशाचे काम चालले आणि त्याचे पाच मुख्य खंड १९२६ ते १९३१मध्ये बाहेर पडले.

अॅलन गार्डिनर हा इंग्रज त्या कोशाच्या कामात वाढला. १९२७मध्ये त्याचे व्याकरण आले, आणि आजही इजिप्शियन शिकणाऱ्याच्या टेबलावर ते असते. दुप्पट व्यंजनाचे रूप म्हणजे चालू किंवा पुन्हा पुन्हा होणारी क्रिया आणि साधे रूप म्हणजे एकदाच होणारी, पुरी क्रिया, अशी त्याची मांडणी होती. काळाऐवजी क्रियाव्याप्ती आली, हे मोठेच पाऊल. पण शेकडो वाक्ये या मांडणीत बसत नव्हती आणि गार्डिनर प्रामाणिक असल्यामुळे त्याने ती लपवली नाहीत.

त्याच सुमाराला बॅटिसकोम्ब गन याने नकाराकडे पाहिले. १९२४च्या त्याच्या ग्रंथातला एक नियम आज त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि तो पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. होकारात सेजेम-एन-एफ म्हणजे ‘त्याने ऐकले’. त्याच्या आधी नकाराचा ‘न’ लावला की अर्थ होतो ‘तो ऐकत नाही, त्याला ऐकू येत नाही’. ‘त्याने ऐकले नाही’ असे म्हणायचे तर नकारानंतर सेजेम-एफ वापरावे लागते. म्हणजे नकार लावताच दोन रूपे जागा बदलतात. हे विचित्र वाटत असेल तर मराठीकडे पाहा. ‘तो येईल’चा नकार ‘तो येईल नाही’ असा होत नाही. ‘येणार नाही’ असा होतो. ‘करावे’चा नकार ‘करू नये’. इजिप्शियनमध्ये ‘इमी’ नावाचे एक नकारी क्रियापदच आहे; पुरुषाचा प्रत्यय ते आपल्या अंगावर घेते आणि मूळ धातू त्याच्यामागे प्रत्ययाविना उभा राहतो. आपले ‘ऐकू नकोस’ अगदी असेच आहे: ‘तू’ची खूण ‘नकोस’वर आणि ‘ऐकू’ नुसते. हे साम्य नात्याचे नाही. पण डोळ्यांना सवय लावायला ते पुरते.

मग पोलोत्स्की आला. हान्स याकोब पोलोत्स्की, जन्म १९०५ झ्युरिकमध्ये, वाढला बर्लिनमध्ये, आणि आयुष्यभर शिकवले ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात. १९४४ साली कैरोमध्ये त्याचे कॉप्टिक वाक्यरचनेवरचे एक लहान पुस्तक छापले गेले. कॉप्टिकमध्ये प्रत्येक काळाची दोन रूपे दिसत होती, ‘पहिला वर्तमान’, ‘दुसरा वर्तमान’, आणि दुसऱ्याचे काम काय ते कुणाला सांगता येत नव्हते. पोलोत्स्कीने दाखवले की ‘दुसरे’ रूप वापरले की वाक्याचा भर क्रियापदावरून उठतो आणि केव्हा, कुठे, कशाने, का हे सांगणाऱ्या भागावर जाऊन बसतो. क्रियापद तिथे नामासारखे होऊन जाते. आणि इजिप्शियनमधले ते दुप्पट व्यंजनाचे कोडे, मेरेर-एफ, हेही तेच काम करते.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आनंदाने हसू आले. युरोपीय लेखकांना हे समजावताना फ्रेंचमधली मोठी वळणे घ्यावी लागतात, आणि आपण ते दिवसातून पन्नास वेळा बोलतो. ‘मी आलोय ते तुला भेटायला.’ आल्याची बातमी यात नाही. आलो हे दिसतेच आहे. बातमी ‘भेटायला’मध्ये आहे. मघाशी मी लिहिले, ‘चित्रलिपी उलगडली ती या एका क्रियापदाच्या आधाराने’. त्या ‘ती’ने जे केले ते इजिप्शियन लेखक व्यंजन दुप्पट करून करत होता. ‘तू हे करतोस ते का?’ असा प्रश्न इजिप्शियनमध्ये विचारायचा तर ‘इरेर-एक’ हेच रूप येते, कारण भर ‘का’वर आहे.

पोलोत्स्कीचा हा शोध पुढे इतका फोफावला की त्याला प्रमाण सिद्धान्त हे नाव पडले. १९७६पर्यंत त्याने स्वतःच तो आणखी पुढे नेला: मध्य इजिप्शियनमधली बहुतेक क्रियापदे वाक्यात कधी नामाच्या, कधी विशेषणाच्या, कधी क्रियाविशेषणाच्या जागी येतात. तर्काला हे सुंदर होते, पण एक विपरीत परिणाम झाला. ज्या भाषेत माणसे चालली, लढली, रडली, तिच्यात खरे क्रियापद जवळजवळ उरलेच नाही. माझे मत असे की इथे मांडणीने भाषेवर मात केली. १९८६मध्ये डेन्मार्कमधल्या हेल्सिंगर इथे या विषयाचे अभ्यासक जमले तेव्हा अस्वस्थता उघड झाली. मार्क कोलियर, अंतोनियो लोप्रिएनो यांसारख्या पुढच्या पिढीने क्रियापदाला त्याची जागा परत दिली: रूप वाक्यात कुठे बसते हा एक प्रश्न, आणि ते मुळात काय आहे हा दुसरा. जेम्स अॅलन यांनी १९८४मध्ये पिरॅमिडमधल्या मजकुराच्या क्रियापदरूपांची बारकाईने नोंद केली, आणि पुढे आपल्याच पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत क्रियापदाची मांडणी बदलली. स्वतःचे गाजलेले पुस्तक बदलायला धैर्य लागते. ज्याँ विनां यांनी २००६मध्ये धातूच्या स्वतःच्या अर्थापासून सुरुवात केली: ‘मारणे’ला शेवट असतो, ‘राहणे’ला नसतो, आणि तेच रूप दोघांना लावले तर अर्थ वेगळा निघतो. मला स्वतःला ही वाट सर्वांत फलदायी वाटते. पोलोत्स्कीचा मूळ शोध मात्र या सगळ्या पडझडीतून टिकून आहे.

उत्तर इजिप्शियनमध्ये सगळे पारडे फिरते. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे देर-एल-मदिना नावाचे गाव होते; तिथे खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेली हजारो टिपणे सापडली आहेत. पगाराचे धान्य आले नाही, गाढव भाड्याने दिले, अमका आज कामावर आला नाही. बोलणाऱ्याच्या तोंडचे क्रियापद तिथे ऐकू येते. प्रत्यय झिजत चालले आहेत आणि साहाय्यक शब्द पुढे येत आहेत. ‘तो ऐकतो आहे’साठी ‘तो ऐकण्यावर आहे’ अशी रचना येते. ‘तो ऐकेल’साठी ‘तो ऐकण्याकडे आहे’ अशी. वर्तमान म्हणजे क्रियेवर असणे, भविष्य म्हणजे क्रियेकडे तोंड करून असणे! ‘त्याने ऐकले’साठी पुढे ‘त्याने ऐकणे केले’ अशी रचना रुळते, आपण ‘फोन केला’ म्हणतो तशी. मग हे सुटे शब्दही एकमेकांत मिसळतात, आणि कॉप्टिकमध्ये ‘अफसोतेम’ असा एकच शब्द उरतो. पिरॅमिडच्या काळात ‘तो’चा ‘फ’ धातूच्या मागे होता. इथे तो पुढे आला आहे. कार्लटन हॉज यांनी १९७०मध्ये भाषेच्या या चक्राविषयी लिहिले ते इजिप्शियनच्याच आधारे. ‘ऐकतो आहे’चे ‘ऐकतोय’ आणि ‘केले आहे’चे ‘केलंय’ करणाऱ्या आपल्या जिभेवर हे चक्र आत्ताही फिरते आहे.

आज हा विषय का? एक कारण साधनांचे. बर्लिनच्या कोशाच्या चिठ्ठ्या आणि मजकुरांचा मोठा संग्रह आता संगणकावर कुणालाही पाहता येतो, आणि २००९मध्ये चित्रलिपीच्या हजाराहून अधिक चिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ज्या नोंदींसाठी पूर्वी बर्लिनला जावे लागे त्या आज साताऱ्यात बसून पाहता येतात. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. क्रियापदाविषयीच्या आपल्या कल्पना इंग्रजी शाळेतल्या तीन काळांच्या तक्त्याने आखून दिल्या आहेत, आणि आपण मराठीसुद्धा त्याच तक्त्यात कोंबतो. इजिप्शियनचे दोनशे वर्षांचे अध्ययन म्हणजे तो तक्ता हळूहळू बाजूला ठेवण्याचा इतिहास आहे. तो वाचताना स्वतःच्या भाषेतले ‘आलोच’ आणि ‘कळलं’ पुन्हा नव्याने ऐकू येते.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, ते थोडक्यात. हे पुरे व्याकरण नाही. मध्य इजिप्शियनचे क्रियापद मध्यभागी ठेवून जुन्या आणि उत्तर टप्प्यांकडे त्यात पाहिले आहे. कोणत्याही एका संप्रदायाची बाजू घेतलेली नाही. जिथे वाद आहे तिथे दोन्ही वाचने समोर ठेवून माझे मत वेगळे सांगितले आहे. संज्ञा शक्य तिथे मराठी व्याकरणातल्या वापरल्या, आणि जिथे त्या अर्थ वाकवत होत्या तिथे रूपाचे मूळ नावच ठेवले. मराठीशी तुलना समजावण्यापुरती आहे. दोन भाषांत नाते आहे असे कुठेही सुचवायचे नाही, आणि तसे कुणी काढू पाहिले तर ते चुकीचे ठरेल.

वाचकाला एक विनंती. प्रत्येक उदाहरणाखालचे भाषांतर आधी हाताने झाकून ठेवा. धातू कोणता, त्याची व्यंजने किती, कोणते दुप्पट झाले, प्रत्यय काय, आणि वाक्याचा भर कुठे पडतो, एवढे स्वतः पाहा आणि आपले मराठी वाक्य पेन्सिलीने समासात लिहा. मग हात काढा. तुमचे वाक्य माझ्यापेक्षा नेमके निघाले असेल, तर ते मला अवश्य कळवा.